जाहिराती खरोखर गेल्या, म्हणूनच संशय आला नाही

क्रोममध्ये वर्षानुवर्षे विनातक्रार चालणारे, जाहिराती अडवणारे ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) २०२४ आणि २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने बंद पडले, कारण गूगलने एक्स्टेन्शनांसाठी ‘मॅनिफेस्ट व्ही ३’ ही नियमांची नवी चौकट सक्तीची केली. मोकळ्या झालेल्या त्या जागेत नकली माल शिरला आणि आमच्या घरची फसवणूक झाली ती याच वाटेने.

माझ्या वहिनींचा इंदूरला रामबागेत महेश्वरी साड्यांचा घरगुती व्यवसाय आहे. ग्राहकांच्या मागण्या, विणकरांचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार, सारे एकाच संगणकावर चालते. जुने एक्स्टेन्शन बंद झाल्याची सूचना दिसताच त्यांनी त्याच नावाने शोध घेतला. सर्वांत वर आलेला दुवा ‘प्रायोजित’ होता. त्यावरचे ढालीचे चिन्ह मूळ चिन्हासारखेच होते आणि नावाला फक्त एक शेपूट जोडलेले होते. ‘आजीवन परवाना, ४९९ रुपये’ असे तेथे लिहिले होते. त्यांनी कार्डाने पैसे भरले, ओटीपी दिला, आणि जाहिराती खरोखरच दिसेनाशा झाल्या.

पुढच्या महिन्यात बँकेचा संदेश आला की उद्या त्याच नावाने पुन्हा ४९९ रुपये वजा होतील. “भावोजी, आजीवन म्हटलं होतं ना त्यांनी?” एवढेच वहिनी म्हणाल्या. त्यांनी ओटीपी दिला होता तो एकवेळच्या रकमेसाठी नव्हे, तर दर महिन्याच्या वसुलीच्या ई-मँडेटसाठी होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे मँडेट नोंदवताना ओटीपी लागतो, पण त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतची प्रत्येक वसुली ओटीपीशिवाय होऊ शकते. मात्र रक्कम वजा होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. आमच्या हाती प्रकरण लागले ते केवळ या सूचनेमुळे, तेव्हा असे संदेश कंटाळून पुसून टाकणाऱ्यांनी सावध असावे.

मग मी ते एक्स्टेन्शन बारकाईने पाहिले. कोणत्याही खरेदीच्या संकेतस्थळाचा पत्ता उघडला की त्याच्या शेवटी एक अनोळखी सांकेतिक क्रमांक चिकटत होता, म्हणजे वहिनींच्या खरेदीवर कोणीतरी परका परस्पर दलाली मिळवत होता. शोधाचे निकालही आधी एका अपरिचित पत्त्यावरून फिरून येत होते. ट्रॅकर, म्हणजे आपल्या वावरावर पाळत ठेवणारे कोड, अडवण्यासाठी घेतलेली वस्तू स्वतःच ट्रॅकर निघाली.

संशय आला नाही याचे कारण ती वस्तू तिचे जाहीर काम चोख करत होती, आणि मला सर्वांना सांगायचे आहे ते हेच. यूब्लॉक ओरिजिनचा कोड खुला आहे. तो उचलून, नाव बदलून, त्यात आपल्या चार ओळी घुसडणे कोणाही जाणकाराला सहज जमते. त्यामुळे जाहिराती थांबल्या हा प्रामाणिकपणाचा पुरावा ठरत नाही. २०१७ मध्ये ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’चे नाव लावलेले एक नकली एक्स्टेन्शन गूगलच्याच एक्स्टेन्शनांच्या दुकानात (क्रोम वेब स्टोअरमध्ये) होते आणि सुमारे ३७,००० लोकांनी ते घेतले होते. २०१८ मध्ये ‘अ‍ॅडगार्ड’ या दुसऱ्या जाहिरात-रोधकाच्या लोकांनी अशी पाच नकली एक्स्टेन्शने उघडकीस आणली, ज्यांचे वापरकर्ते मिळून दोन कोटींच्या वर होते. २०१९ मध्ये सापडलेल्या दोन नकलांची चलाखी तर अशी की बसवल्यावर सुमारे ५५ तास त्या गप्प राहत आणि नंतर परस्पर दलाली लाटू लागत. २०२० मधले ‘नॅनो डिफेंडर’ मुळात नकली नव्हतेच. त्याच्या कर्त्याने ते दुसऱ्यांना विकले, नव्या मालकांनी त्यात घातक कोड घातला, आणि एक्स्टेन्शने आपोआप अद्ययावत होत असल्याने तो कोड वापरकर्त्यांच्या नकळत त्यांच्या संगणकांत पोचला. काहींच्या इन्स्टाग्राम खात्यांवरून आपोआप ‘लाइक’ जाऊ लागले, तेव्हा बोभाटा झाला.

म्हणून नावाऐवजी कर्ता पाहावा. यूब्लॉक ओरिजिन रेमंड हिल यांचे आहे, ते पूर्णपणे फुकट आहे आणि हिल देणग्याही घेत नाहीत. त्या नावावर कोणी एक रुपया मागितला तरी तो मागणारा दुसरा कोणीतरी आहे. नुसते ‘यूब्लॉक’ ही वेगळी वस्तू आहे आणि २०१८ पासून ती ‘अ‍ॅडब्लॉक’वाल्यांच्या ताब्यात आहे. क्रोमसाठी हिल यांचेच ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ उपलब्ध आहे, ते मूळच्या मानाने थोडे कमी समर्थ आहे. मूळ एक्स्टेन्शन हवेच असेल तर ते फायरफॉक्सवर चालते. नव्या चौकटीमुळे नकली माल आपोआप रोखला जाईल, या भरवशावरही राहू नये, कारण ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ ही परवानगी दिली की त्या चौकटीतले एक्स्टेन्शनही उघडलेले पान वाचू शकते.

नकली एक्स्टेन्शन काढून टाकण्याआधी त्याचे नाव, त्याचा बत्तीस अक्षरी ओळखक्रमांक आणि पैसे भरल्याची पावती यांची चित्रे आम्ही काढून ठेवली. मागाहून यातले काही दुकानात सापडेल याची खात्री नसते. त्यानंतर दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून सर्व पासवर्ड बदलले आणि प्रत्येक खाते सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट केले, कारण आधीपासून उघडे असलेले सत्र चोराच्या हाती लागले असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागेलच असे नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. बँकेची कामे आता एकही एक्स्टेन्शन नसलेल्या वेगळ्या प्रोफाइलमधून होतात. मँडेट वेळेत रद्द झाल्याने दुसरा हप्ता वाचला. पहिल्या ४९९ रुपयांबाबत, तो व्यवहार आपणच ओटीपी देऊन मंजूर केला होता, असे बँकेचे उत्तर आले आहे.