ब्लेंडर ४.२: संत्र्याच्या सालीपर्यंत जाणारं फुकटचं सॉफ्टवेअर

नागपुरात चित्रप्रदर्शनात थ्रीडी रेंडरची (कॉम्प्युटरवर मॉडेल घडवून काढलेल्या चित्राची) प्रिंट टांगली की तिच्यासमोर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हे तं कॉम्प्युटरनं काढलं, मंग तुमचं काय?" प्रश्न रास्त आहे. पण कॉम्प्युटर नेमकं काय काढतो आणि काय काढत नाही, हे पाहिल्याशिवाय त्याचं उत्तर देण्यात अर्थ नाही. म्हणून ब्लेंडर या थ्रीडी चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरचं हे परीक्षण त्याच अंगानं. आवृत्ती ४.२ एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी), जुलै २०२४ ची.

आधी पैशाचं. ब्लेंडर फुकट आहे, आणि त्यात मेख नाही. नेदरलँड्सच्या टॉन रोझेंडाल यांनी १९९४ मध्ये ते सुरू केलं. २००२ मध्ये त्यामागची कंपनी बुडाली, तेव्हा वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरोंची वर्गणी जमवली आणि सोर्स कोड मोकळा करून घेतला. जीपीएल हा मोकळ्या सोर्स कोडचा परवाना सॉफ्टवेअरला लागू होतो, त्यात काढलेल्या चित्राला नाही. चित्र विका, छापा, भिंतीवर लावा, कुणाची परवानगी लागत नाही.

चाचणीला संत्रं घ्यावं. दिसायला सोपं, आणि खोटं असलं तर नागपूरकराला लांबून कळतं. नेटवर फुकट मिळणारी बहुतेक मॉडेलं घट्ट सालीची, चेंडूसारखी गोल असतात. म्हणजे मोसंबीला भगवा रंग फासलेला. आपलं संत्रं वरून-खालून थोडं दबलेलं, देठाशी किंचित मान उचललेलं आणि साल सैल. ही सैल साल कुठल्याही बटणात नाही.

सुरुवात स्फिअरनं न करता क्यूबला सबडिव्हिजन देऊन (बाजू पुन्हा पुन्हा विभागून गोलाई आणून) करावी, नाहीतर दोन्ही टोकांना जाळी आवळली जाते आणि देठाशीच चुण्या पडतात. व्यास खरा ठेवावा: ०.०६५ मीटर. मग कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करणं, म्हणजे बदललेलं माप वस्तूत कायम करणं, सक्तीचं. नवशिक्यांची निम्मी रडगाणी या एका पायरीपाशी उगम पावतात. माप खरं का हवं, तर सालीतून प्रकाश आत शिरून पसरतो ते अंतर ब्लेंडर मीटरमध्ये धरतं. प्रिन्सिपल्ड शेडरमध्ये (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारा भाग) सबसरफेसचं, म्हणजे या आत पसरण्याचं, स्केल मुळात ०.०५ असतं, म्हणजे ५ सेंटिमीटर. साडेसहा सेंटिमीटरच्या फळात प्रकाश ५ सेंटिमीटर पसरला तर संत्रं नाही, मेणबत्ती दिसते. ते ०.००२ ते ०.००४ वर आणावं.

सालीवरच्या बारीक खळग्यांसाठी व्होरोनॉय टेक्स्चर (पेशींसारख्या घरांची नक्षी), ऑब्जेक्ट कोऑर्डिनेटवर, म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या मापावर. स्केल १००० ठेवलं की एक घर साधारण एक मिलिमीटरचं होतं. एवढ्यावर थांबलं तर साल मशीनमध्ये ठोकल्यासारखी एकसारखी दिसते. ६०० च्या आसपासचं दुसरं व्होरोनॉय नॉइज टेक्स्चरनं त्यात मिसळावं. बम्प नोडमध्ये (उंचसखलपणाचा भास देणारा भाग) स्ट्रेंग्थ ०.२५, डिस्टन्स ०.०००२. डिस्टन्ससुद्धा मीटरमध्येच मोजतात; तिथे १ राहिलं तर खळग्यांच्या विहिरी होतात. देठाकडच्या सुरकुत्या मात्र स्कल्प्ट मोडमध्ये क्रीज ब्रशनं हातानंच ओढायच्या, आणि त्या सारख्या अंतरावर आल्या की फळ मेलंच म्हणून समजा. रंगही एक नको. आंबिया बहाराचं फळ बाजारात येतं तेव्हा खांद्याशी बरेचदा हिरवट असतं. मृग बहाराचं पुरतं भगवं होतं. कोणता बहार, हे मॉडेल करणाऱ्यानं ठरवायचं.

आता रेंडर. इथे कॉम्प्युटर खरोखर काम करतो: सायकल्स इंजिन प्रकाशाच्या असंख्य वाटा मोजत बसतं. हा हिशेब माणसाला जमणार नाही, आणि तो जमत नाही म्हणून कुणाचं चित्रकारपण कमीही होत नाही. खोड डिनॉइझरमध्ये, म्हणजे चित्रातले दाणे पुसणाऱ्या सोयीत, आहे. सँपल (दर पिक्सेलमागे मोजलेल्या वाटा) १०० च्या आसपास ठेवून डिनॉइझरवर भिस्त टाकली की तो सालीचे खळगे कचरा समजून पुसतो आणि फळावर लिंपण केल्यासारखं होतं. ५१२ पासून पुढे जावं. रंगाची व्यवस्था ४.० पासून मुळातच एजीएक्स आहे. भर उन्हात ती भगवा फिका करते, त्यावर पंची लुक (रंग गडद करणारी तयार सेटिंग) लावून भागतं. जुन्या स्टँडर्ड व्यवस्थेवर गेलात तर उजळ भाग थेट पिवळा पडतो, कारण लाल आधी भरून वाहतो आणि हिरवा मागून चढत राहतो.

कलेचा प्रश्न खरा अडतो तो तयार मालापाशी. नेटवरून उतरवलेलं एचडीआरआय आकाश (सभोवतालचा प्रकाश देणारा चहूबाजूंचा फोटो), तयार टेबल, तयार लाकूड, मध्ये आपलं फळ. चित्र पाच मिनिटांत देखणं होतं आणि तसली देखणी चित्रं ढिगानं पडलेली असतात. शेजारच्या स्टीलच्या ताटात नीट बघा: आरशासारख्या कडेवर परदेशातली झाडं आणि उतरत्या छपरांची घरं उमटलेली असतात. नागपूरच्या महाल भागातल्या अंगणात पाइनची झाडं! काढणाऱ्यानं ते पाहिलेलंच नसतं. अशा चित्राला "कॉम्प्युटरनं काढलं" म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नये. शब्द टाकून चित्र देणाऱ्या एआयशीही या कामाची सर्रास गल्लत होते. तिथे सालीचे खळगे किती मिलिमीटरवर हवेत हे ठरवायची सोयच नसते. ब्लेंडर ते ठरवायला लावतं, आणि नाही ठरवलंत तर स्वतःचा आकडा निमूट घालून मोकळं होतं.

कायद्यानं या वादात पडणं शिताफीनं टाळलंय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्र, शिल्प, छायाचित्र हे सगळं 'कलाकृती'त मोडतं, मग त्यात कलागुण असोत वा नसोत. कॉम्प्युटरनं निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता कोण, तर जी व्यक्ती ती निर्माण करवते ती. मालकी ठरली, कला आहे का, ते तुमचं तुम्ही बघा.

ऊन मात्र ब्लेंडर अचूक देतं. सन पोझिशन हे ॲड-ऑन (वरून जोडायची सोय) आता वेगळं उतरवून घ्यावं लागतं. त्यात अक्षांश २१.१५, रेखांश ७९.०९, तारीख २६ मे, वेळ १२:१० टाकली की नागपूरच्या झिरो माइल स्मारकातल्या खांबाची सावली पायाशी गोळा होते आणि तिथल्या घोड्यांच्या पुतळ्यांची त्यांच्या पोटाखाली. हा नागपूरचा शून्य सावलीचा दिवस. टाइम झोनमध्ये ५.५ लिहायचं. ५ लिहिलं तर अर्ध्या तासाचा फरक पडतो, आणि ६ मीटर उंच वस्तूला जवळपास पाऊण मीटर सावली फुटते. वास्तू काढणाऱ्यांनी एवढ्या एका सोयीसाठी ब्लेंडर उघडावं.

मराठीच्या बाबतीत तितकीच निराशा. टेक्स्ट ऑब्जेक्टमध्ये देवनागरी थेट टाइप केली की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. पिवळी मारबत (नागपूरच्या मिरवणुकीतला पुतळा) काढून खाली नाव लिहिलं तर 'पविळी' वाचायला मिळतं. उपाय: इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पाथ (रेषाकृती) करायचा, एसव्हीजी फाइल म्हणून आत आणायचा, मग एक्स्ट्रूड, म्हणजे जाडी द्यायची. चालतं, पण मजकूर बदलला की सगळं पुन्हा.

मशीन: एनव्हिडियाचं ८ जीबीचं कार्ड असलं की घरच्या कामाला पुरे. ४०९६ पिक्सेलचं एक टेक्स्चर आठ बिटमध्ये ६४ एमबी खातं, म्हणजे सोळा टेक्स्चरांत एक जीबी गेला. मागे दिसणाऱ्या वस्तूंना १०२४ चं द्यावं. मे महिन्यात दुपारी रेंडर लावू नये. खोलीच ४० अंशांच्या पुढे गेली की कार्ड स्वतःला वाचवायला वेग उतरवतं. विशेषतः लॅपटॉपवर तासाचं काम दोन तासांवर जातं. कूलर लावून भागवणाऱ्यांनी त्याचा ओला झोत मशीनवर सोडू नये. ॲनिमेशन थेट एमपी४ मध्ये कधीच काढू नका. मध्येच लाईट गेली तर अख्खी फाइल वाया. पीएनजीची मालिका काढली की जिथे थांबलं तिथून पुढे चालू.

छपाईसाठी १२ बाय १८ इंचाला ३०० डीपीआयनं ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे फुल एचडीच्या नऊपटीहून जास्त. वेळही त्याच हिशेबानं धरावा. ब्लेंडर सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) देत नाही. पडद्यावरचा झगझगीत भगवा चार शाईंत बसतही नाही, तो विटकरी होऊन बाहेर पडतो. १६ बिटचा टिफ काढावा, एसआरजीबी या पडद्याच्या रंगपद्धतीत, आणि पिगमेंट शाईच्या इंकजेटवर मॅट कॉटन पेपर मागावा. फ्लेक्सवाल्याकडे नेऊ नये. पूर्ण प्रिंटआधी फळाचा तेवढा भाग कापून चार इंचाची पट्टी छापून घ्यावी, आणि ती दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न बघता बाहेर उन्हात धरावी.