पुण्यातला एअर फोर्स फ्लाइंगचा क्लास: ग्राउंड एक नंबर, मशिनचं पॅकेज अजिबात घेऊ नका

क्लासचं नाव टाकत नाही, टाकून उगाच भांडण कशाला, आणि असले क्लास पुण्यात गल्लीगल्लीत आहेत, जे लिहितोय ते थोड्याफार फरकानं बाकीच्यांनाही लागू पडेल. मी एसटीत मेकॅनिक, पोरगी बीएस्सी फिजिक्स. एएफकॅटची, म्हणजे एअर फोर्सच्या अधिकारी भरतीची, लेखी तिनं घरी बसूनच काढली, 100 प्रश्न 300 मार्कांचे, दोन तास, चुकलं की एक मार्क कट, त्याला क्लासची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे, जुने पेपर सोडवा झालं. खरी गंमत पुढं आहे. म्हैसूरच्या सिलेक्शन बोर्डाचं कॉल लेटर आलं तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं की तिथं पाच-सहा दिवस नेमकं काय करून घेतात, म्हणून क्लास लावला.

तर पॅकेज दोन. एक साधं, इंटरव्ह्यू, सायकॉलॉजी आणि ग्राउंड, म्हणजे मैदानावरचे टास्क. दुसरं ‘फ्लाइंग स्पेशल’, त्यात वरून सीपीएसएस, म्हणजे पायलट निवडायच्या कॉम्प्युटर टेस्टच्या, मशिनची प्रॅक्टिस, फी जवळजवळ दुप्पट. काउंटरवरच्या मॅडमनी आधी घाबरवलंच, की सर ही टेस्ट आयुष्यात एकदाच देता येते, एकदा नापास झालं की पायलटचा दरवाजा कायमचा बंद, मग बघा तुम्हीच. आता हे खरं आहे बरं का, खोटं नाही. एकदाच मिळते, आणि नापास झालं तर आर्मी-नेव्हीच्या फ्लाइंगलाही ते आडवं येतं. पण मॅडमनी जे सांगितलं नाही ते असं की बोर्डात आधी स्क्रीनिंग होतं, त्यात निम्म्याहून जास्त पोरं पहिल्याच दिवशी दुपारी बॅग उचलून घरी, मग उरलेल्यांच्या सायकॉलॉजी, ग्राउंड, इंटरव्ह्यू, कॉन्फरन्स, आणि त्यातून जे रेकमेंड होतात, म्हणजे बोर्ड ज्यांना पसंत करतं, त्यांनाच फ्लाइंगसाठी मशिनवर बसवतात. म्हणजे दुप्पट पैसे भरणाऱ्या बहुतेक पोरांनी ते मशिन कधी बघितलेलंच नसतं. शेवटच्या पायरीचे पैसे आधी घ्यायचे नि पहिल्या पायरीला पोरगं धडपडलं तर त्याचं नशीब!

बरं, ते मशिन काय आहे हे बघायला मी आत गेलो. आत म्हणजे जिन्याखालच्या खोलीत. प्लायवूडच्या फळीवर गेम खेळायची जॉयस्टिक स्क्रूनं आवळलेली, खाली दोन पेडल, समोर मॉनिटर. पडद्यावरचा ठिपका स्टिकनं आणि पायानं चौकोनात धरून ठेवायचा, मधेच लाल दिवा लागला की डावा लिव्हर, आवाज आला की उजवा. मी पेडल हातानं दाबून बघितलं तर त्याला बोटभर प्ले, म्हणजे ढिलेपणा, होता. सवय आहे ना आपल्याला, क्लचला इतका प्ले असला तर गाडी डेपोच्या बाहेर सोडत नाही आपण. डाव्या पेडलची स्प्रिंग मेलेली, पाय सोडला तरी ठिपका तिकडंच ओढत राहतो. अशा पेडलवर पोरानं महिनाभर सराव केला तर त्याचा पाय त्या बिघाडालाच सरावणार की! ऑपरेटर पोराला म्हटलं तर म्हणतो काका, बोर्डाचं मशिन पण असंच असतं. तू बघितलंस का रे? तर नाही.

ह्यावर तिथल्याच इंटरव्ह्यू घेणाऱ्या रिटायर्ड सरांना विचारलं, तर त्यांनी हळू आवाजात जे सांगितलं ते सगळ्यात कामाचं. म्हणाले, अहो मशिनच्या आधी सगळ्या सूचना समजावून सांगतात, डायल वाचायला शिकवतात, पोरं तेव्हा गाफील असतात नि मग चुकतात. आदल्या रात्री पूर्ण झोप, सूचना नीट ऐकायच्या, एक चूक झाली तर तिच्यात अडकायचं नाही, एवढंच. त्याला पैसे लागत नाहीत. मी साधं पॅकेज घेतलं.

आता चांगलं सांगतो, आणि ते खरंच चांगलं आहे. ग्राउंडवर एक रिटायर्ड हवालदार आहेत, माणूस सोनं. पहिल्याच दिवशी बाकी काही न करता सगळ्या फ्लाइंगवाल्यांना भिंतीला टेकून बसवलं, कंबर भिंतीला पक्की लावून, पाय समोर ताठ, आणि टेप घेऊन भिंतीपासून टाचेपर्यंत माप. 99 ते 120 सेंटीमीटरच्या मधे पाहिजे. मग भिंतीपासून गुडघ्यापर्यंत, ते 64 च्या वर नको. बसल्याची उंची 81.5 ते 96, उभ्याची कमीत कमी 162.5. नगरकडचा एक उंचापुरा पोरगा होता, बघताक्षणी म्हणाल हाच पायलट, त्याची मांडी 64 च्या वर गेली. हवालदारांनी तीनदा टेप लावली, दर वेळी तेच. विमानातून सीटसकट बाहेर फेकलं जायची वेळ आली तर गुडघा पुढच्या पॅनलवर आपटतो म्हणून हा नियम आहे, असं त्यांनी त्याला शेजारी बसून समजावलं, आणि ग्राउंड ड्यूटीचा, म्हणजे विमान न उडवणाऱ्या अधिकाऱ्यांचा, रस्ता मोकळा आहे हेही सांगितलं. पोरानं फ्लाइंग स्पेशलची पूर्ण फी आधीच भरलेली होती, ती ऑफिसनं परत दिली नाही. फी घेण्याआधी टेप लावायला काय जातं हो ह्यांचं? तुम्ही घरीच मोजा, सुताराची टेप चालते, नाहीतर निवड झाल्यावर दिल्ली किंवा बंगळूरच्या मेडिकलला जाऊन हेच ऐकायची पाळी येते.

ग्रुप टास्क उत्तम घेतात. बल्ली (लाकडी वासा), फळी, दोरी, लाल रंगाला हात-पाय काही लावायचं नाही, सामान घेऊन सगळा ग्रुप पलीकडं. माझी पोरगी मराठी मीडियमची, बाकीची पोरं इंग्लिशमधे धडाधडा बोलायची, ही चार दिवस गप्प. पाचव्या दिवशी फळी कुठंच पोचेना तेव्हा हिनं न बोलता ती उलटी फिरवून बल्लीखाली अडकवली नि वर स्वतः उभी राहिली. हवालदार म्हणाले, आता हेच तोंडानं सांगत सांगत कर. तिथून गाडी सुरू झाली. स्क्रीनिंगच्या चित्रावर चर्चा असते, 30 सेकंद चित्र बघायचं, गोष्ट लिहायची, मग पंधराएक जणांनी मिळून एकच गोष्ट ठरवायची. सगळे एकदम ओरडतात, पोरं त्याला मच्छीबाजारच म्हणतात. त्याचा सराव इथं रोज घेतात आणि तो उपयोगी पडला, म्हैसूरला पोरगी पहिल्या दिवशी आत राहिली.

सायकॉलॉजीचा भाग मात्र साफ बेकार. रेडिमेड गोष्टींची पीडीएफ देतात, पूर आला, हिरोनं गाव वाचवलं, संपलं. बोर्डात 12 चित्रांवर गोष्टी लिहायच्या, प्रत्येकी चार मिनिटं असतात, त्यात पाठ केलेलं लिहिणारी पोरं तिथल्यांना कळत नसतील का? पोरीनं ती पीडीएफ उघडलीच नाही. तरी ह्या वेळी रेकमेंड झाली नाही, पण वयाची अट 20 ते 24 आहे, एएफकॅट वर्षातून दोनदा असते, परत बसतेय.

क्लासच्या पाटीवर फायटर विमानाचा मोठा फोटो नि ‘फायटर पायलट व्हा’ असं लिहिलंय, त्यावरही जाऊ नका. निवड झाली की हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकॅडमीत आधी सगळ्यांना पिलाटस विमानावर शिकवतात, त्यानंतर कोण फायटरला, कोण मालवाहू विमानांना, कोण हेलिकॉप्टरला हे तिथलं फ्लाइंग आणि हवाई दलाची गरज बघून ठरतं. मग फायटरवाले बीदरला हॉक ह्या ट्रेनिंगच्या जेटवर, ट्रान्सपोर्टवाले येलहंक्याला, हेलिकॉप्टरवाले हकीमपेटला. मुलींना फायटर 2016 पासून खुलं झालं, त्या जूनमधे पहिल्या तिघी पास झाल्या. आणि ‘पहिल्या दिवसापासून लाखात पगार’ असं जे सांगतात ते खरं नाही, ट्रेनिंगमधे 56,100 स्टायपेंड असतो, तोही शेवटच्या वर्षभरात. मुलगी म्हणाली पप्पा हे सगळं नोटिफिकेशनमधे लिहिलंय, वाचायचे कुणी पैसे घेत नाही.

अजून एक, क्लासवाले कधीच सांगणार नाहीत म्हणून मी सांगतो. नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, महाराष्ट्रातल्या मुलामुलींना एसएसबीची, म्हणजे असल्याच सिलेक्शन बोर्डाची, तयारी फुकट, राहणं-जेवण सकट. आमच्या डेपोतल्या कंडक्टरचा पोरगा सीडीएस, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी भरतीची, लेखी काढून तिथं जाऊन आला. आपण कुठल्या अटीत बसतो ते जिल्ह्याच्या सैनिक कल्याण ऑफिसात जाऊन विचारा.

पाचातले साडेतीन देतो, तिन्ही स्टार हवालदारांचे, अर्धा इंटरव्ह्यूवाल्या सरांचा. होस्टेलला मुलींचं पाणी सकाळी सातलाच संपतं, मेसची भाकरी बरी, पार्किंग नाही. पैसे कॅश मागतात, पावती घेतल्याशिवाय देऊ नका, आणि फीच्या फॉर्मवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात रिफंडचं लिहिलंय ते आधी वाचा.