अमेरिकेतला टॅक्स रिफंड आणि रिटर्नवर सही न करणारा एजंट

कंपनीने थोड्या काळासाठी अमेरिकेला पाठवलंय, पगारातून फेडरल टॅक्स कापला जातोय आणि कोणी म्हणतंय की मी मोठा रिफंड काढून देतो, फी रिफंडच्या टक्क्यात घेईन, तर प्लीज हे आधी वाचा.

माझ्या एजंटचा नंबर प्रोजेक्टवरच्याच लोकांनी दिलेला, बऱ्याच जणांचं काम त्याने केलं होतं. डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा फॉर्म), पासपोर्ट, बँक डिटेल्स सगळं घेतलं आणि मला १०४०-एनआरची, म्हणजे नॉन-रेसिडेंटच्या रिटर्नची पीडीएफ पाठवली. आकडे बरोबर होते, रिफंडही तेवढाच आला, त्याची फी दिली आणि मी भारतात परत आलो.

मग बऱ्याच महिन्यांनी तिथल्या जुन्या पत्त्यावर आयआरएसची (तिथलं टॅक्स खातं) नोटीस आली, की जास्त रिफंड घेतलाय, व्याजासकट परत करा. फॉर्म ४५०६-टी भरून ट्रान्सक्रिप्ट (आयआरएसकडे नोंदलेल्या रिटर्नचा उतारा) मागवलं तर खरं काय ते कळलं. त्याने भरलेलं रिटर्न वेगळंच होतं! मला रेसिडेंट दाखवून साधा १०४० भरलेला, स्टँडर्ड डिडक्शन घेतलेलं, वर शिक्षणाचं क्रेडिट, जे मी कधी मागितलंच नाही. त्या वर्षी माझे तिथले दिवस रेसिडेंट ठरायला लागणाऱ्या १८३ दिवसांच्या हिशोबात बसत नव्हते, म्हणजे मी नॉन-रेसिडेंट, आणि आपल्यासारख्या नोकरीवाल्या नॉन-रेसिडेंटला स्टँडर्ड डिडक्शन मिळतच नाही (भारतातून गेलेल्या स्टुडंटना करारामुळे मिळतं, ते वेगळं). रिफंड एकापेक्षा जास्त खात्यांत वाटून मागवता येतो, त्यातला माझा भाग माझ्याकडे आणि वरचा सगळा त्याच्या खात्यात. नोटीस मात्र माझ्या नावावर.

पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्याने त्यावर सही करून स्वतःचा पीटीआयएन (रिटर्न भरून देणाऱ्याचा आयआरएसकडचा नंबर) टाकणं तिथे बंधनकारक आहे, हा नंबर पी पासून सुरू होतो आणि पुढे आठ आकडे असतात. याने रिटर्न मी स्वतःच भरल्यासारखं दाखवलं, स्वतःचं नाव कुठेच नाही. असल्या लोकांना तिकडे घोस्ट प्रिपेअरर म्हणतात आणि आयआरएस त्यांच्याबद्दल सावध करत असतं, पण नव्याने गेलेल्या माणसाला हे सांगतं कोण?

मी फॉर्म १४१५७ आणि १४१५७-ए भरून तक्रार केलीय, सोबत त्याची पीडीएफ, मेसेज, बँक स्टेटमेंट जोडलं. त्यामुळे त्याने पाठवलेली एकही गोष्ट डिलीट करू नका.

भारतातलं लफडं वेगळंच. परदेशात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट इथे मागायच्या फॉर्म ६७ मध्ये मी त्या पीडीएफच्या आकड्यावरून क्रेडिट घेतलं होतं. पगारातून कापला गेला म्हणजे तो सगळा टॅक्स भरला असं होत नाही, रिफंड वजा जाऊन जे उरतं तेवढ्याचंच क्रेडिट इथे मिळतं, आणि आता तिकडचा रेकॉर्डवरचा आकडाच खोटा निघाल्यामुळे ते दुरुस्त होईपर्यंत इकडचंही अडकून पडलंय, सीए म्हणतात आधी तिकडून लेखी येऊ दे.

ट्रान्सक्रिप्ट फुकट मिळतं. रिफंड जमा झाला की लगेच मागवा आणि खात्यात आलेल्या रकमेशी ताडून बघा.