अकरावीला कला की विज्ञान? आधी जर्नल मागून बघा

दहावीचा निकाल लागला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, टक्के आहेत तर सायन्सच घे, पुढे काय वाटेल ते करता येतं. दुसरा पक्ष बहुधा मुलाचा किंवा मुलीचा असतो आणि त्याला बोलायला वाव मिळत नाही. मी कला शाखा निवडली होती आणि आजही कोणी विचारलं तर माझं माप तिकडेच झुकतं. मात्र सगळ्यांनी कलाच घ्यावी असं नाही. काही जणांनी ती घेऊच नये. त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

डॉक्टर, इंजिनिअर, फार्मसी, बीएस्सी अ‍ॅग्री, आर्किटेक्चर, मर्चंट नेव्ही यांपैकी काही मनात पक्कं असेल तर प्रश्नच मिटला, विज्ञान घ्या. एनडीएबद्दल, म्हणजे सैन्यदलांत अधिकारी होण्याच्या प्रबोधिनीबद्दल, मात्र गैरसमज फार. लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते; नौदल आणि हवाई दलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतात. पण शाखा कुठलीही असो, लेखी परीक्षेतला गणिताचा 300 गुणांचा पेपर चुकत नाही. पाच वर्षांचं लॉ आणि त्याची सीएलएटी (क्लॅट) ही प्रवेशपरीक्षा, डिझाइनच्या एनआयडी-एनआयएफटी-युसीड या परीक्षा, शिक्षक होण्यासाठीचं डीएलएड यांना शाखेची अट नाही. यूपीएससी-एमपीएससीला पदवी लागते, ती कशातली हे बहुतेक पदांना कोणी विचारत नाही. आणि इंजिनिअरच व्हायचंय पण अकरावी-बारावीची धावपळ नको, तर दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हा रस्ता घरच्या चर्चेत का येत नाही कोण जाणे.

आता ‘सायन्स घेतलं की सगळे रस्ते उघडे राहतात’ हा युक्तिवाद. तो खोटा नाही. बारावी सायन्सनंतर एफवायबीएला प्रवेश मिळतो, बारावी आर्ट्सनंतर एफवायबीएस्सीला सहसा मिळत नाही. पण चांगल्या कॉलेजात बीएची यादी बारावीच्या टक्क्यांवर लागते. सीईटी या प्रवेशपरीक्षेच्या नादात बोर्डाकडे दुर्लक्ष करून 58 टक्के आणलेला सायन्सचा मुलगा तिथे 85 टक्क्यांच्या आर्ट्सवाल्याच्या मागे उभा राहतो. रस्ता उघडा असतो, पण त्यावरची रांग घरात कोणी मोजत नाही.

टक्क्यांचा विषय निघाला म्हणून दहावीच्या निकालाबद्दल सांगतो. आपल्या राज्य बोर्डाची टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’वर निघते. सहा विषयांतला सर्वांत कमी गुणांचा विषय गळतो. शिवाय चित्रकला परीक्षेचे, खेळाचे, लोककलेचे वाढीव गुण असतात. त्यामुळे 91 टक्क्यांच्या निकालात गणिताचे 62 सहज लपून बसतात. शाखा ठरवताना टक्केवारी बाजूला ठेवा आणि गुणपत्रिकेतले दोनच आकडे बघा: गणित आणि विज्ञान, तेही अंतर्गत 20 वगळून लेखी 80 पैकी किती ते. बीजगणितात अवयव पाडताना अडखळणारा मुलगा अकरावीच्या त्रिकोणमितीत दिवाळीपर्यंत बसून राहतो. हुशारीत तो कमी नसतो; सरावाचा हात बसलेला नसतो एवढंच.

अकरावी सायन्सची पहिली ठेच कुठे लागते, तेही आधीच सांगून ठेवतो. फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे. त्यात सदिश (व्हेक्टर) येतात आणि डेरिव्हेटिव्हही येतं. गणितात डिफरन्सिएशन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणं, येतं ते भाग दोनच्या अगदी शेवटच्या, नवव्या धड्यात. म्हणजे फिजिक्सच्या सरांना जे पहिल्या महिन्यात हवं, ते गणिताचे सर वर्ष संपताना शिकवणार. त्यात ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या संपून वर्ग नीट भरेपर्यंत बऱ्याचदा ऑगस्ट उजाडतो. यावर उपाय साधा आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतानाच गणित भाग एकमधली त्रिकोणमिती आणि भाग दोनमधले लिमिट्स, डिफरन्सिएशन रोज दोन तास बसून उरकायचे. पंधरवड्यात निदान चिन्हांची भीती जाते. आणि पंधरा दिवस बसवतच नसेल, तर निर्णयाला तेवढं पुरेसं आहे.

मराठी माध्यमवाल्यांना दुसरी ठेच भाषेची. त्वरण, संवेग, अपवर्तन, संयुजा हे शब्द ज्यांच्या जिभेवर आहेत, त्यांना एका सुट्टीत सगळं इंग्रजीत पुन्हा शिकावं लागतं. सेमीवाल्यांचं हे निभावतं. शुद्ध मराठीवाल्यांनी वहीच्या मागे दोन रकान्यांची यादी करायची, धड्यागणिक वीस शब्द. सहामाहीपर्यंत ही अडचण सरते, तेव्हा केवळ हिच्यासाठी विज्ञान सोडू नये.

कलेकडे या अडचणी नाहीत, तिच्या वेगळ्या आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. बऱ्याच कॉलेजांत आर्ट्सचा वर्ग म्हणजे सायन्स-कॉमर्सला न मिळालेल्यांची सोय अशी समजूत असते, शिक्षकांचीसुद्धा. हजेरी तुरळक आणि तासाला नोट्स उतरवून घेणं. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मराठी असा ‘सोपा’ गठ्ठा कारकून आपणहून फॉर्मवर लिहून देतो. हा गठ्ठा घेतलात तर दोन वर्षं आरामात जातील आणि हाती काही लागणार नाही. कला घ्यायची तर विषय आपण जुळवायचे. माझ्या मते अर्थशास्त्र, भूगोल, गणित आणि चौथा इतिहास किंवा मानसशास्त्र, ही जुळणी सायन्सच्या तोडीची आहे. आर्ट्समध्ये गणित घेता येतं हेच अनेकांना माहीत नसतं. पुस्तक आणि पेपर सायन्सवाल्यांचाच असतो, कॉमर्सचा वेगळा. अडचण ही की आर्ट्सला गणित देणारी कॉलेजं थोडी आणि मानसशास्त्र बहुतेक शहरांतच मिळतं. पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा. माहितीपुस्तिकेत विषय छापलेला असतो आणि मुलं कमी म्हणून वर्ग सुरूच होत नाही, हे दरवर्षी होतं.

आर्ट्समध्ये गुण अडकतात ते उत्तर लिहिण्यात. इतिहासाच्या पेपरात ‘सकारण स्पष्ट करा’, ‘आपले मत नोंदवा’, टिपा, संकल्पनाचित्र आणि शेवटी दीर्घोत्तर असतं. ‘सकारण’ला मुलं घटना सांगत बसतात, कारण शेवटच्या ओळीत येतं किंवा येतच नाही. परीक्षक मुद्दे मोजतो. तीन-चार मुद्दे, प्रत्येकाला एक वाक्य खुलाशाचं, एवढं बसवलं की गुण हलतात. आठवड्याला एक दीर्घोत्तर घड्याळ लावून लिहिणं याला पर्याय नाही. अर्थशास्त्रात निर्देशांकाच्या गणितात लास्पेअर आणि पाश्चे यांची सूत्रं एकमेकांत मिसळतात. लास्पेअर आधारभूत वर्षाची नगसंख्या धरतो, पाश्चे चालू वर्षाची, एवढं धरून ठेवलं की सूत्र पाठ करावं लागत नाही. भूगोलाला 20 गुणांचं प्रात्यक्षिक आहे. सर्वे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. जाळीचा संदर्भ लिहिताना आधी पूर्वेकडे वाढणारा आकडा, मग उत्तरेकडचा. उलटं लिहिलं की गाव भलत्याच चौकोनात जातं.

इंग्रजी दोन्ही शाखांना सारखंच, पण कलेच्या मुलांना ते पुढे जास्त लागतं. लॉची पुस्तकं बहुतांश इंग्रजीत आहेत. रोज एक अग्रलेख वाचून त्यावर स्वतःच्या इंग्रजीत आठ-दहा ओळी लिहिण्याची सवय अकरावीतच लावायला हवी. बारावीत कोणी लावत नाही.

इथवर तराजू सारखाच दिसेल. माझ्यापुरता तो झुकला प्रॅक्टिकलच्या जर्नलवर, म्हणजे प्रयोगांच्या नोंदवहीवर. घरात थोरल्याचं जर्नल होतं, ते चाळलं आणि ठरलं.

सायन्सचा मोठेपणा कशात आहे? करून पाहण्यात. म्हणून फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला लेखी 70 आणि प्रात्यक्षिक 30. आता केमिस्ट्रीतलं साधं टायट्रेशन घ्या, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून अभिक्रिया कधी पुरी होते ते मोजणं. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, त्यात डायल्यूट सल्फ्युरिक, ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटी असलेल्या मापाच्या काचनळीत, पोटॅशियम परमँगनेट. फ्लास्क साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करायचा, कारण थंड असताना अभिक्रिया इतकी सावकाश चालते की पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग जातच नाही आणि मुलाला वाटतं झालं, एंड पॉइंट आला. सल्फ्युरिक कमी पडलं तर तपकिरी गढूळपणा येतो, तो मँगनीज डायऑक्साइड. मग तो फ्लास्क ओतून द्यायचा. द्रावण गडद असल्यामुळे ब्युरेटवर नेहमीप्रमाणे खालचा नाही, वरचा मेनिस्कस (द्रावणाच्या वक्र पातळीची कड) वाचायचा. फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. असं तीनदा. जुळलेलं रीडिंग म्हणजे सीबीआर, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग.

यात शिकण्यासारखं जे काही आहे ते चुकण्यात आहे: फ्लास्क का गढूळला, 9.4 आणि 9.9 मध्ये फरक का पडला. आणि जर्नलमध्ये काय असतं? 9.8, 9.8, 9.8. खाडाखोड नाही, एक डाग नाही. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेलं, किंवा उत्तर आधी धरून उलट्या बाजूने बसवलेलं. ‘रीडिंग बसवणं’ हा शब्दच रूढ आहे. साध्या लंबकाचा प्रयोग काढा, g (गुरुत्वीय त्वरण) हमखास 9.8 च्या आसपास. प्रमाणित जर्नल नसेल तर प्रॅक्टिकलला बसायला मिळत नाही, म्हणून जानेवारीत रात्री जागून तीन विषयांची जर्नलं ‘पुरी’ होतात. डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती, उजव्या पानावर मजकूर, खाली सही.

यात एकट्या मुलांचा दोष काढता येत नाही. एका ब्युरेटवर चार-पाच मुलं, वेळ थोडा, त्यात सामान मांडण्यात पंधरा मिनिटं जातात. शिवाय सकाळ-संध्याकाळ क्लास. एमएचटी-सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला 54 सेकंद. तिथे ब्युरेट कोणी विचारत नाही. इंजिनिअरिंगची यादीही सीईटीवर लागते, बारावीचे गुण पात्रतेपुरते. मग प्रॅक्टिकलला वेळ देणारा मुलगा वेडा ठरतो. नियमच तसे आहेत.

कलेतही प्रोजेक्ट उतरवून काढतात, मान्य. पण तिथली उणीव घरी भरून काढता येते. शिक्षकांनी नुसत्या नोट्स दिल्या तर ग्रंथालय आहे. भूगोलाचं प्रात्यक्षिक उरकून टाकलं तर नकाशा घेऊन गावाबाहेरच्या टेकडीवर जाता येतं, समोच्च रेषा पायाखाली सापडतात. प्रयोगशाळा मात्र घरी आणता येत नाही. सायन्समध्ये जे कॉलेजात झालं नाही ते राहूनच जातं, आणि मग दोन वर्षं उरतात ती विज्ञानाच्या नावाखाली चार पर्यायांतून एक निवडण्याची. ज्याला त्यातून मेडिकल-इंजिनिअरिंग गाठायचंय त्याने ती काढावीत, फळ मिळतं. ज्याला नक्की काय करायचं ते ठाऊक नाही आणि ‘रस्ते उघडे’ म्हणून जायचंय, त्याला मी तरी हे सुचवणार नाही.

अपवाद आहेत. नीट प्रयोगशाळा चालवणारी कॉलेजं आहेत आणि ती ओळखता येतात. बारावीतल्या एखाद्या मुलाकडून त्याचं केमिस्ट्रीचं जर्नल आणि रफ वही मागून घ्या. रफ वहीत खाडाखोड असेल, एखादं रीडिंग टाकून दिलेलं असेल, तर कॉलेज चांगलं. रफ वहीच नसेल तर समजा. प्रयोगशाळेतल्या सहायकाला विचारा, एका बॅचला किती ब्युरेट निघतात. वीसच्या बॅचला दहा म्हणाला आणि मुलाला प्रयोगांची खरीच ओढ असेल, तर माझं सगळं विसरून विज्ञान घ्या.

ठरल्यावर फॉर्म भरतानाची एक गोष्ट. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून एक नंबरला नुसतं नाव मोठं असलेलं कॉलेज टाकू नका. कला घेणार असाल तर जिथे गणित आणि अर्थशास्त्र एकत्र मिळतं आणि गेल्या वर्षी तो वर्ग खरोखर भरला होता, ते कॉलेज पहिलं टाका. घरापासून अर्धा तास लांब असलं तरी.