फातोर्ड्याला एफसी गोवाची मॅच: बेळगावकरांसाठी रिव्ह्यू

सरळ सांगून टाकतो. बेळगावातून निघून एका दिवसात फुटबॉलची मोठी मॅच प्रत्यक्ष बघून परत यायचं असेल तर मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला तोड नाही, पण तुम्ही तिकीट कुठलं काढता त्यावर सगळं आहे. ईस्ट लोअरला, म्हणजे पूर्वेकडच्या स्वस्तातल्या खालच्या स्टँडला, बसलात तर पाचपैकी साडेचार. महागातल्या स्टँडला बसलात तर तीन, त्याच्यावर नाही, कारण तिथनं मॅच छान दिसते पण मॅचला आल्यासारखं वाटत नाही, आणि हा फरक पूर्वी एवढा नव्हता, आयएसएल (इंडियन सुपर लीग) आल्यापासनं वाढत गेलाय. मला मुख्य लिहायचंय ते त्याच्याबद्दलच.

आधी जाण्यायेण्याचं उरकतो. खानापूर, रामनगर, अनमोड घाट, मोले, फोंडा, बोरी आणि मडगाव. जांबोटी-कणकुंबीवरनं चोर्ल्यानं पण जाता येतं पण तो रस्ता पणजीला बरा, मडगावला लांब पडतं. अनमोडचा रस्ता पावसाळ्यात कधी दगा देईल सांगता येत नाही म्हणून रामनगरकडं कुणी ओळखीचं असेल तर आदल्या दिवशी फोन लावून विचाराच. साडेसातची किकऑफ असली तर दुपारी एकपर्यंत बेळगाव सोडा, घाटात ट्रक अडकला की सगळं गणित बिघडतंय. कॅसलरॉक-कुळे घाटातनं ट्रेनचा प्रवास सुंदर आहे पण रात्री मॅच सुटल्यावर परतीचं काही जमत नाही, त्यामुळं चारपाच जण मिळून गाडीच करा. भाड्याची गाडी असेल तर वेटिंगचे पैसे आधी ठरवून घ्या, आम्हाला एकानं रात्री अकराला मडगावात वेगळाच आकडा सांगितला होता आणि तेव्हा भांडायला पण ताकद उरलेली नसते.

आता स्टेडियम. १९८९ चं आहे. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपच्या मॅचेस इथं झाल्या, इराणनं जर्मनीला ४-० हाणलं ते इथंच. तेव्हाच्या डागडुजीनंतर खुर्च्या वगैरे बऱ्या झाल्यात. पण फातोर्डा म्हटलं की जुनी माणसं धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स हीच नावं घेतात. आयएसएलच्या आधीच्या देशपातळीवरच्या लीग, म्हणजे नॅशनल लीग आणि आय-लीग, मिळून धेंपोनं पाच वेळा देश जिंकलाय, चर्चिलनं दोनदा, साळगावकरनं दोनदा. एवढ्याशा गोव्यातले तीन क्लब! बेळगावातली आमच्या आधीची पोरं त्या मॅचेसना जायची ते सांगतात की गॅलरीत कोण कुठल्या गावचा हे त्याच्या ओरडण्यावरनं कळायचं, कारण खेळणारा पोरगा त्यांच्याच वाड्यावरचा असायचा. हाफटाइमला कुणी गाणी लावत नव्हतं, लोकच एकमेकांत वाद घालायचे, ह्याला का खेळवला, त्याला का बसवला. टीमचा जर्सी घातलेला माणूस शोधून सापडायचा नाही. आवाज मात्र सगळीकडनं यायचा.

२०१४ ला आयएसएलबरोबर एफसी गोवा आली, ब्राझीलचा झिको कोच, लाईट, मोठी स्क्रीन, अनाउन्सर. गर्दी आली, ह्यात शंकाच नाही. बायका, लहान पोरं, कॉलेजच्या मुली बिनधास्त यायला लागल्या, ही मला सगळ्यात चांगली गोष्ट वाटते आणि 'पूर्वीची मजा राहिली नाही' म्हणणाऱ्यांनी हे आधी मान्य करायला पाहिजे. माझी बहीण आणि तिची सात वर्षांची मुलगी दोघी आल्या होत्या, कुणी धक्का मारला नाही, कुणी घाण बोललं नाही. पूर्वी घरातल्या बाईला मॅचला नेतो म्हटलं असतं तर आईनंच वेड्यात काढलं असतं.

पण त्याचबरोबर काय झालं, आवाज करणं हे सगळ्यांचं काम राहिलं नाही. हल्ली सगळ्याच लीगमध्ये हे झालंय, स्पीकर सांगणार कधी टाळ्या वाजवायच्या, गोल झाला की लगेच गाणं लागणार, आणि त्या गाण्याखाली लोकांचं स्वतःचं ओरडणं बुडून जातंय. गोलनंतरचे ते पहिले पाच-सहा सेकंद असतात ना, अनोळखी माणूस मिठी मारतो, खालच्या रांगेतला वर बघून ओरडतो, तेवढे तरी लोकांना मोकळे ठेवा की. महागाच्या स्टँडला तर अर्धे जण कॉर्नरच्या वेळी मोबाईल वर धरून बसलेले असतात, बॉल कुठं गेला ते नंतर व्हिडिओत बघणार.

म्हणून ईस्ट लोअर. तिथं ईस्ट लोअर आर्मी म्हणून फॅन्सचा ग्रुप आहे, ढोल, झेंडे, मोठे बॅनर, कोकणीतनं आणि इंग्लिशमधनं गाणी. त्यांच्यातला एक पोरगा मी नीट बघत होतो. रेलिंगला पाठ टेकून, तोंड आमच्याकडं, म्हणजे मैदानाकडं पाठ. नव्वद मिनिटं. एक ओळ म्हणणार, दोन्ही हात वर करून वाट बघणार, मग मागच्या रांगांनी उचललं नाही तर बोट दाखवून त्याच रांगेला परत म्हणायला लावणार. घसा पूर्ण बसलेला होता. समोर अटॅक चाललाय हे त्याला आमच्या चेहऱ्यावरनं कळत होतं, सगळ्यांचे डोळे एका बाजूला सरकले की तो झटकन मान वळवायचा, शॉट बाहेर गेला की परत आमच्याकडं. त्यानं पण तिकीट काढलंय, त्याला पण खेळ आवडतोय, तरी तो मॅच न बघता आम्हाला मॅचमध्ये ठेवत होता. मला ह्या पोरांबद्दल फार आदर वाटतो. पूर्वी जे गावच्या नात्यानं आपोआप व्हायचं ते आता ही चाळीस-पन्नास पोरं मेहनतीनं करतात, बॅनर रात्ररात्र बसून रंगवतात, स्वतःच्या पैशानं.

माझ्या शेजारी एक म्हातारे गोंयकार होते, साठी ओलांडलेले, जर्सी नाही, साधा हाफ शर्ट. ते गाण्यात भाग घेत नव्हते पण अख्खी मॅच खेळाडूंशी बोलत होते, हळू आवाजात, कोकणीत, घरातल्या पोराला सांगावं तसं. आपल्याला कोकणी बऱ्यापैकी कळतंय त्यामुळं लेफ्ट बॅक पुढं गेला की ते आधीच म्हणायचे, आता मागं जागा सुटली, आणि दोनदा तिथनंच अटॅक आला. हाफटाइमला बोललो तर म्हणाले बेळगावचे काय, आमचं निम्मं गाव पूर्वी दवाखान्याला बेळगावलाच जायचं. जुनी गॅलरी आणि नवी गॅलरी अशी एका बाकावर बसलेली असते, आणि ती फक्त स्वस्तातल्या स्टँडलाच दिसते.

कोल्हापूरशी तुलना केल्याशिवाय आपल्याकडं फुटबॉलचं बोलणं पूर्ण होत नाही. शाहू स्टेडियमला पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, ह्या तालमी-मंडळांच्या टीममधली कुठलीही मॅच बघा, तिथं अजून पेठ खेळते, तालीम खेळते. पायऱ्यांवर बसलेल्या माणसाला कुणी गाणं शिकवावं लागत नाही. पण तिथलं पण बदललंय, आता आफ्रिकेतले प्लेअर आणून खेळवतात, मॅचेस मोबाईलवर लाईव्ह दिसतात, आणि ईर्षा कधी कधी एवढी वर जाते की मैदानापेक्षा बाहेरचा पोलीस बंदोबस्तच जास्त लक्षात राहतो. मला कोल्हापूरचा आवाज पाहिजे आणि फातोर्ड्याची सुरक्षितता पाहिजे, दोन्ही एका ठिकाणी मागणं जास्त नाहीय. इंग्लंडमध्ये १९८९ ला हिल्सबरोला चेंगराचेंगरीत शेवटी ९७ माणसं गेली, त्यानंतर मोठ्या क्लबांच्या स्टेडियममध्ये सगळ्यांना खुर्च्या आल्या, तिकिटं महागली, आणि गाणारा गरीब माणूस हळूहळू बाहेर पडला. बरीच वर्षं भांडून २०२२ पासनं तिथं काही स्टेडियममध्ये रेलिंग असलेली उभं राहायची सुरक्षित जागा परत मिळाली. जर्मनीत डॉर्टमुंडला एकाच स्टँडला जवळजवळ २५ हजार लोक उभं राहून बघतात. म्हणजे करायचं ठरवलं तर होतंय.

आपल्याकडं कोलकात्याचं उदाहरण आहेच. १९८० च्या १६ ऑगस्टला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅचला १६ जणांचा जीव गेला. आणि त्याच दोन क्लबांचे फॅन्स २०२४ मध्ये आरजी कर हॉस्पिटलातल्या डॉक्टर मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणानंतर त्यांची आपापसातली मॅच (डर्बी) रद्द झाल्यावर एकत्र रस्त्यावर उतरले, एकमेकांचे झेंडे शेजारी धरून. फॅन कल्चर बिघडलं बिघडलं म्हणतात त्यांनी हे पण लक्षात ठेवावं.

मोठ्या नावांच्या मॅचबद्दल एक सावध करतो. २२ ऑक्टोबर २०२५ ला रोनाल्डोची सौदीची टीम अल नस्र फातोर्ड्याला आली होती, एएफसी चॅम्पियन्स लीग टू ह्या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत. बऱ्याच जणांनी रोनाल्डोसाठी तिकिटं काढली आणि तो आलाच नाही. एफसी गोवा २-१ नं हरली पण ब्रायसन फर्नांडिसनं गोल केला, आपल्या शेजारच्या गोव्याच्या पोरानं, एवढ्या महागड्या टीमला. मध्येच एक जण मैदानात पळाला, अल नस्रच्या जोआव फेलिक्सबरोबर सेल्फी काढायला. ह्या मॅचबद्दल बोलताना लोकांना तो सेल्फी आठवतो, ब्रायसन आठवत नाही, हे मला खरंच लागतंय. पहिल्यांदा जाणार असाल तर असली मॅच निवडू नका, लीगमधली साधी मॅच निवडा, आपली टीम बघायला आलेली गर्दी तिथं भेटते.

आणि त्यात पण बेंगळुरूबरोबरची मिळाली तर सोडू नका. बेंगळुरूच्या फॅन्सचा ग्रुप, वेस्ट ब्लॉक ब्लूज, पाहुणे म्हणून आले की एका कोपऱ्यातनं कन्नडमधनं गाणी सुरू होतात, इकडनं कोकणी उत्तर जातंय, आणि आपण बेळगावची माणसं मधी बसलेली, आपल्याला दोन्हीकडचं कळतंय! कुणी कुणाला काय चिडवलं ते शेजारच्या गोंयकाराला समजावून सांगायचं काम आपोआप आपल्याकडं येतं. आमच्यातले दोघं बेंगळुरूला सपोर्ट करणारे होते, राज्याची टीम म्हणून, आम्ही बाकीचे एफसी गोवाच्या भगव्या जर्सीत, कारण बेंगळुरू पाचशे किलोमीटर आणि मडगाव तीन-साडेतीन तास. गाडीत जातायेता चौघांत भांडण, स्टेडियमच्या दारात फोटो मात्र एकत्र. भाषेवरनं, बोर्डावरनं आपल्याकडं आयुष्य गेलंय लोकांचं, त्या रात्री तिथं कुणी त्या नजरेनं बघितलं नाही, मॅच तेवढी चालली.

खाण्याचं थोडक्यात. स्टेडियमबाहेर चोरीस (गोव्याचं सॉसेज) पाव, रोस ऑम्लेट म्हणजे रश्श्यातलं ऑम्लेट मिळतं, मॅचच्या आधीच खाऊन घ्या. रोस ऑम्लेटमध्ये पाव बुडवून उभ्याउभ्या खाणं हा त्या दिवसाचा निम्मा आनंद आहे. बाटली, पॉवर बँक, मोठी बॅग शक्यतो गाडीतच ठेवा, गेटवर वाद घालण्यात पहिली दहा मिनिटं घालवू नका. साधं तिकीट मल्टिप्लेक्सच्या तिकिटाच्या आसपास पडतं, डिझेल वाटून घेतलं तर एकूण खर्च जड नाही.

आता बेळगावातल्या पोरांना एक मनापासनं सांगायचंय. रात्री दीडला उठून लिव्हरपूल, आर्सेनल बघता, टिळकवाडीत कॅफेत स्क्रीन लावून दंगा करता, २०२२ च्या फायनलला मेस्सीसाठी गल्लीत फटाके लावले, सगळं चांगलंच आहे, मी पण त्यातलाच आहे. पण २०१८ मध्ये भारताच्या कॅप्टनला, सुनील छेत्रीला, व्हिडिओ करून हात जोडायला लागले की आम्हाला शिव्या द्या, पण स्टेडियमला या. त्याच्या आधीच्या मॅचला मुंबईत २,५६९ लोक होते. व्हिडिओनंतर केनियाविरुद्धच्या मॅचची सगळी तिकिटं संपली. म्हणजे लोक आहेत, बोलवायला लागतंय एवढंच. कॅम्पात सेंट पॉल्सच्या मैदानावर शाळांच्या मॅचेस असतात तेव्हा वर्गातली पोरं आपल्या मित्राचं नाव घेऊन कसली ओरडतात बघा एकदा, त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. तीच पोरं पुढं टीव्हीसमोर गप्प बसायला लागतात.

लीगचं वेळापत्रक अलीकडं बेभरवशाचं झालंय, २०२५ च्या जुलैमध्ये तर आयएसएलच थांबवून ठेवली होती, त्यामुळं तारीख पक्की झाल्याशिवाय गाडी ठरवू नका. पक्की झाली की मात्र ईस्ट लोअरचं तिकीट पहिल्याच दिवशी काढा, ते आधी संपतंय. घरात फुटबॉल आवडणारी बहीण, पुतणी, भाची असेल तर तिला नक्की न्या, आणि किकऑफच्या अर्धा तास आधी जागेवर बसा, तेवढ्यात दोन-तीन गाणी पाठ होतात.