ड्रेस्डेनचं स्ट्रीत्सेलमार्क्ट: सुट्टीत होस्टेलवरच थांबणार असाल तर नक्की जा

हा रिव्ह्यू खास करून जर्मनीतल्या ड्रेस्डेनला एक्स्चेंज सेमिस्टरला आलेल्या आणि ख्रिसमसच्या सुट्टीत घरी न जाणाऱ्यांसाठी लिहितेय. म्हणजे आपल्यातले बहुतेक सगळेच, कारण डिसेंबरात मुंबईच्या तिकिटाचे रेट बघून तो विषयच संपतो, आणि फेब्रुवारीत लेक्चर संपून परीक्षा झाल्या की तसंही कायमचं परतायचंच आहे. पण इथे राहणं सोपं नाही. २० डिसेंबरच्या आसपास जर्मन पोरं बॅगा भरून आपापल्या गावी जातात, मजल्यावरचं किचन ओस पडतं, चार वाजता अंधार, आणि घरच्या ग्रुपवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो येत असतात. अशा दिवसांत संध्याकाळी उठून जावंसं वाटेल अशी एक जागा लागते, माझ्यासाठी ती आल्टमार्क्ट चौकातलं हे ख्रिसमस मार्केट ठरलं. पाचपैकी साडेचार.

मार्केट १४३४ पासून भरतंय, अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे ख्रिसमसआधीच्या साधारण चार आठवड्यांच्या, आधीपासून २४ डिसेंबरपर्यंत. ट्राम थेट आल्टमार्क्ट स्टॉपला सोडते आणि सेमिस्टर तिकिटात (विद्यार्थ्यांच्या प्रवासाच्या पासात) ती येतेच, त्यामुळे काही विकत न घेता नुसतं फिरून आलात तरी खर्च शून्य. मधोमध लाकडाचा मजल्यामजल्यांचा पिरॅमिड आहे, १४ मीटरहून उंच, त्यावरच्या लाकडी बाहुल्या गोल फिरत राहतात. दुपारी तीनच्या सुमारास, सोमवार ते गुरुवारमध्ये कधीतरी जा. उजेडात स्टॉल नीट बघून होतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत दिवे लागतात. शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी मात्र पाय ठेवायला जागा नसते, लहान मूल किंवा मोठी बॅग बरोबर असेल तर तेव्हा जाऊच नका.

आता मुख्य गोष्ट, श्टोलन. हा ड्रेस्डेनचा ख्रिसमसचा ब्रेडवजा केक, भरपूर बेदाणे, बदाम, संत्र्या-लिंबाची पाकवलेली साल आणि वर पिठीसाखरेचा जाड थर. पूर्वी अ‍ॅडव्हेंटच्या उपवासात लोणी चालायचं नाही, त्यामुळे तो पीठ-पाणी-तेलाचा अगदी बेचव प्रकार असायचा. मग इथल्या राजघराण्याने थेट पोपकडे विनवण्या केल्या आणि १४९१ मध्ये लोणी वापरायची परवानगी मिळाली. आज नियम असा की ड्रेस्डनर क्रिस्टश्टोलन म्हणून विकायचा तर १०० किलो पिठाला निदान ५० किलो लोणी आणि ६५ किलो बेदाणे पाहिजेत, मार्गरीन चालत नाही. खऱ्या श्टोलनवर सोनेरी लंबगोल सील असतं, ते बघूनच घ्या. स्वस्त पडतो म्हणून सुपरमार्केटमधला कुठलाही उचलला तर चव त्याच्या जवळपासही येत नाही, खरंच सांगते, फरक पहिल्या घासाला कळतो. आणि कापताना टोकाकडून नाही, मधोमध कापायचा. मधले काप काढून उरलेले दोन्ही अर्धे परत एकमेकांना चिकटवून ठेवायचे म्हणजे आतून कोरडा पडत नाही, हे मला स्टॉलवरच्या आजींनी हाताने करून दाखवलं. थंड जागी गुंडाळून ठेवला तर आरामात टिकतो. घरी न्यायचा असेल तर एक लक्षात ठेवा, बेदाणे बहुतेक वेळा रममध्ये भिजवलेले असतात, आजी-आजोबांना चालणार नसेल तर आधी लेबल वाचा.

व्हेजवाल्यांनी हांडब्रोट खा. पिठाच्या गोळ्यात चीज आणि मशरूम भरून भट्टीत भाजतात आणि वरून आंबट क्रीम घालून देतात. हॅमवालंही असतं, तेव्हा विचारून घ्या. शून्याच्या आसपास टेंपरेचर असताना ते हातात धरलं की बोटं पण शेकतात आणि पोट पण भरतं. भाजलेले साखरबदाम छान. ग्लूवाइन (मसाले घातलेली गरम वाइन) नको असेल तर किंडरपुन्श मागा, त्यात दारू नसते. दोन्ही मगात मिळतात, मगाचं डिपॉझिट वेगळं घेतात आणि तो परत दिला की पैसे परत. सुटे युरो जवळ ठेवा, सगळीकडे कार्ड चालेलच असं नाही. अर्धा मार्क कापलाय तो किमतींसाठी, स्टुडंटच्या बजेटला रोज खाणं परवडत नाही.

परत जाताना काय न्यायचं हा प्रश्न असेल तर हेर्नहूटचा तारा घ्या. हेर्नहूट हे इथून जवळचंच गाव, तिथे हे तारे हाताने बनतात. २५ टोकांचा तारा, आतून दिवा, दिसतो अगदी आपल्या आकाशकंदिलासारखा. प्लास्टिकचा छोटा तारा जोडलेलाच मिळतो, पण कागदाचा मोठा घ्या, त्याची टोकं सुटी येतात, घरी जाऊन पिना लावून जोडायची, त्यामुळे सुटकेसमध्ये तळाशी सपाट बसतो. बल्ब २३० व्होल्टचाच, भारतात तसाच चालतो. मी आईसाठी लाल घेतलाय आणि दिवाळीपर्यंत तिला सांगणार नाहीये. एर्त्सगेबिर्गं या डोंगराळ भागातली लाकडी धूपमाणसं पण गोड असतात, पोटात धूप ठेवला की तोंडातून धूर येतो, पण हाताने केलेली असल्याने महाग आहेत.

एकटं वाटत असेल त्यांच्यासाठी अजून एक. २३ डिसेंबरला संध्याकाळी जवळच फ्राउएनकिर्शं चर्चसमोर उघड्यावर प्रार्थना आणि गाणी होतात, हजारो लोक उभे असतात. १९४५ च्या बॉम्बिंगनंतर पडलेलं हे चर्च २००५ मध्ये पुन्हा उभं राहिलंय. आम्ही मजल्यावर उरलेले सगळे गेलो होतो, एक कोलंबियाची, एक तुर्कस्तानचा, मी, कुणालाच शब्द येत नव्हते तरी शेवटपर्यंत थांबलो आणि मला त्या गर्दीत पहिल्यांदा वाटलं की आपण इथले आहोत.

२४ ला मार्केट दुपारीच आवरतं आणि दुकानंही. २५ आणि २६ ला सगळं बंद, लागून रविवार आला तर अजून एक दिवस. तांदूळ, दूध, कांदे-बटाटे २३ लाच भरून ठेवा. अगदीच काही राहिलं तर मेन स्टेशनातली दुकानं बघा.