जुनी इनोव्हा की जुनी कोरोला? ठाण्यात राहून कुठली घ्यावी

दोन्ही टोयोटाच, दोन्ही टिकाऊ, पण सांभाळायची पद्धत वेगळी. कोरोलाचं १.८ पेट्रोल इंजिन चेनवालं, म्हणजे टायमिंग बेल्टची (इंजिनचे आतले भाग एका लयीत फिरवणारा रबरी पट्टा, जो ठरावीक काळाने बदलावा लागतो) भानगडच नाही, ऑइल आणि कूलंट वेळेवर बदला, बास. जुन्या २.५ डिझेल इनोव्हाला मात्र बेल्ट आहे, म्हणून घेताना कधी बदलला ते बिल मागाच, तुटला तर इंजिनचं काम निघतं आणि ते लाखाच्या घरात जाऊ शकतं, नुसतं "बदललाय हो साहेब" ऐकून पैसे देऊ नका!

घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत इनोव्हाच भारी, लॅडर फ्रेम (बॉडीखाली शिडीसारखी मजबूत लोखंडी चौकट) आहे, कोरोला खाली घासते. पार्ट्स दोघांचे मिळतात, पण इनोव्हा टॅक्सीत एवढी चालली की कुठलाही मेकॅनिक हात लावतो.

१५ वर्षं झाली की दोघींनाही आरटीओत फिटनेस तपासणी, ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीचा पर्यावरण कर) भरून नोंदणीचं ५ वर्षांचं रिन्यूअल. ठाण्याची एमएच ०४ असो की नवी मुंबईची एमएच ४३, नियम तोच.

घरात चारच माणसं आणि रोज ऐरोली-ठाणे असेल तर मी डोळे झाकून कोरोला सांगेन. गावी कोकणात सात जण जाणार असाल तर इनोव्हाच.